दंडाची पावती

"दंड करा सायेब! आधी माझ्या नावाची पावती फाडा, मग गाडा उचला!"

ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाला पाठ लावून मी रस्त्यावर फतकल मारून बसले होते. समोर राजमाने साहेब उभे राहून घाम पुसत होते. नगरपालिकेच्या अतिक्रमण पथकाचे ते प्रमुख. मास्क हनुवटीखाली आलेला, आणि या बाईचं डोकं ठिकाणावर नाही असा चेहरा.

"अगं, लोक दंड माफ करा म्हणून माझ्या पाया पडतात. आणि तुला दंड पाहिजे?"

"व्हय. पाचशे करा, हजार करा. पर लिवून द्या. शालन विलास लाटवडे, कोर्टाचा कोपरा, शहाळ्याचा गाडा."

"आज दंड नाही. आज नुसती जप्ती. ऊठ."

"मग जप्तीचा कागद द्या."

"कुणाच्या नावानं देऊ? तुझा गाडा आहे याला पुरावा काय? बेवारस म्हणून जाईल तो. ऊठ म्हणतो ना!"

मी उठले नाही. तेव्हा पथकातल्या एका दांडगटानं हातातला प्लॅस्टिकचा पाइप माझ्या पाठीत ओढला. झिणझिण्या पार टाळूपर्यंत गेल्या. दुसरा फटका खांद्यावर बसला, तिसरा कानाला चाटून गेला. मी चाकाला मिठी मारली आणि ओरडले, "मारा! मारायचं तेवढं मारा, पर पावती फाडा!"

हे कोरोनाच्या पहिल्या वर्षातलं, ऑगस्ट महिन्यातलं. मार खात खात दंड मागणारी बाई तुम्ही पाहिली नसणार, म्हणून आधी ती तिथं का बसली होती ते सांगते.

कोर्टाच्या कोपऱ्यावर मी बारा वर्षं शहाळी विकत होते. माझ्या शेजारी हमीदाभाभी बागवान, तिचा केळी-पेरूचा गाडा. रोज दुपारी बाजारकर गोळा करायला पोपट चौगुले यायचा. कराचा ठेका एका ठेकेदाराकडे होता आणि पोपट त्याचा वसुलीचा माणूस. बोलायला गोड. पहिल्याच दिवशी मला म्हणाला होता, "आक्का, इस रुपयं दिलंस तर पावती फाडतो. धा दिलंस तर पावती न्हाई, पर कोण तुला उठवणारबी न्हाई. बघ, तुझी मर्जी."

मी दहा दिले. दुसऱ्या दिवशीही दहा दिले. बारा वर्षं दहाच देत राहिले आणि स्वतःला फार हुशार समजत राहिले. हमीदाभाभी मात्र रोज वीस द्यायची आणि पावती हातात पडल्याशिवाय पोपटला पुढं सरकू द्यायची नाही. त्या पावत्या ती एका कापडी पिशवीत कोंबून ठेवायची.

"भाभी, त्या पावत्यांची गोधडी शिवणार हाय का?" मी चिडवायची.

"शिवीन," ती म्हणायची. "आणि तुला पांघरायला देणार न्हाई."

मार्चमध्ये सगळं बंद झालं. कोर्ट बंद, रस्ता ओस. माझा गाडा चार महिने दारात उलटा पडून होता. नवरा फौंड्रीत होता, ती फौंड्रीही बंद. शहाळ्यांचा व्यापारी रोख पैसे हातात पडल्याशिवाय माल उतरवेना. तेवढ्यात बातमी आली की फेरीवाल्यांना धंदा पुन्हा उभा करायला सरकार दहा हजारांचं भांडवल देतंय. कर्जच, पण कमी व्याजाचं आणि तारण न मागता. दहा हजारांत माझा धंदा रांगेला लागला असता. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, या कर्जासाठी होणाऱ्या फेरीवाल्यांच्या यादीत ज्याचं नाव असेल त्यालाच पुढं रस्त्यावर जागा मिळणार होती. बाकीच्यांना कायमचं उठवणार होते.

मंगळवारी आम्ही दोघी नगरपालिकेत गेलो. खिडकीतल्या क्लार्कनं माझा फॉर्म उलटापालटा करून पाहिला.

"पुरावा?"

"कसला?"

"तुम्ही धंदा करता याचा. करपावती, दंडपावती, जप्तीचा कागद, काहीही. नगरपालिकेनं तुम्हाला आजवर कधीतरी काहीतरी दिलंच असेल की."

"बारा वर्षं बसतीया मी कोर्टाच्या कोपऱ्यावर. कुठल्याबी वकिलाला इचारा."

"वकिलांना विचारून यादी होत नाही, बाई. कागद आणा. शुक्रवारी पाचला ही खिडकी बंद होणार. त्यानंतर मला सांगू नका."

माझ्या मागून हमीदाभाभीनं पुढं होऊन तिची पिशवी खिडकीच्या कट्ट्यावर रिकामी केली. बारा वर्षांच्या पावत्या. काही खाली पडल्या, काही उडाल्या. क्लार्क म्हणाला, "एवढ्या नकोत हो, दोन बास झाल्या." भाभीच्या फॉर्मवर शिक्का बसला. मी खाली वाकून तिच्या पडलेल्या पावत्या गोळा करून देत होते आणि मला नुसता संताप येत होता. भाभीवर नव्हे, माझ्यावरच.

बाहेर आल्यावर भाभी म्हणाली, "मी किती खेपा बोल्ली तुला, शालन. पावती घे, पावती घे."

"आता बोलून काय उपेग?"

"उपेग न्हाई. पर मी बोल्ली हुती."

त्याच संध्याकाळी मी पोपटच्या घरी गेले. कराची वसुली बंद पडल्यापासून तो रोजंदारीवर अतिक्रमण पथकात लागला होता. मला दारात बघून त्यानं आधी गल्लीत दोन्हीकडं नजर टाकली आणि मग आत घेतलं.

"पोपट, मला पावती दे. कुठलीबी, कवाचीबी."

"कुठनं देऊ आक्का? सगळी पुस्तकं ठेकेदारानं जमा करून घेतल्यात."

"मग शुक्रवारच्या आत सायबाला सांग, मी बारा वर्षं तिथं हाय म्हणून. तुझ्यावाचून कुणाला ठावं हाय?"

त्यानं उठून दार लोटलं. मग म्हणाला, "तसं सांगितलं तर सायेब मलाच इचारणार, तिच्या पावत्या कुठं हायत? तवा मी काय सांगू? तुझं धा रुपयं रोज मी खाल्लं म्हणून सांगू?"

"ते मला म्हाईत न्हाई. मी पैसं दिल्यात."

"दिल्यास, मी कुठं न्हाई म्हंतोय?" त्यानं डोकं खाजवलं आणि एकदम त्याचा चेहरा उजळला. "आक्का, असं कर. त्या कोपऱ्यावर सध्या गाडं लावायला बंदी हाय. तू परवा गुरुवारी सकाळी गाडा लाव. आमचं पथक कोर्टापासनंच सुरू हुतंय. मी सायबाच्या कानात सांगतो, बाईला दंड करा आन सोडा. दंडाची पावतीबी पुरावा म्हणून चालती. तारीख कोण बघत बसलंय?"

"नक्की सांगशील?"

"आईशपथ, आक्का."

मी घरी आले ती हलक्या पायानं आले. नाकातली मोरणी व्यापाऱ्याकडं ठेवून बुधवारी तीस शहाळी आणली. गुरुवारी सकाळी गाडा धुतला, शहाळी मांडली, मधल्या लाकडी ठोकळ्यावर कोयता रोवला आणि कधी एकदा पथक येतंय म्हणून वाट बघत बसले. हमीदाभाभीही केळीची पाटी घेऊन शेजारी येऊन बसली होती. तिला दंडाची गरज नव्हती, ती माझ्यासाठी आली होती.

पथक आलं. पण साहेबांना आज दंड करायचाच नव्हता. वरून जप्तीचा आदेश होता, ट्रॉली भरून न्यायची होती. आणि ज्यानं कानात सांगायचं तो पोपट खांद्याला पिशवी अडकवून माझ्या गाड्यामागं मुकाट उभा होता. पिशवीतून पथकाच्या दंडाच्या पावतीपुस्तकाचा निळा कोपरा मला दिसत होता. अर्ध्या हातावर माझी पावती होती आणि ती कुणी फाडत नव्हतं. म्हणून मी ट्रॅक्टरपुढं बसले, आणि म्हणून पाठीत पाइप बसत होता.

"पोपट!" मी ओरडले. "सांग की रं सायबाला!"

राजमाने साहेबांनी हात वर करून पाइपवाल्याला थांबवलं. ते वळले.

"पोपट, तू याच भागात कर गोळा करायचास ना? ओळखतोस या बाईला? किती वर्षं आहे ही इथं?"

साहेबांनी खरं तर सरळ विचारलं होतं. आवाजात राग नव्हता. मला आजही वाटतं, पोपट तेव्हा हो म्हणाला असता तर साहेबांनी वैतागून का होईना पावती फाडली असती.

पोपटनं माझ्याकडं पाहिलं. मग साहेबांच्या बुटांकडं पाहिलं.

"न्हाई सायेब. हिला मी कधी बघितलं न्हाई. लॉकडाऊनमधी नवीन बसाय लागली असंल."

"पोपट्या!" हमीदाभाभी किंचाळली. "किडं पडतील तुझ्या तोंडात! रोज पैसं घेतलास तिचं!"

"गप बसा हो तुम्ही," साहेब म्हणाले. आणि पथकाला म्हणाले, "उचला."

मग सगळं एकदमच झालं. दोघांनी माझे दोन्ही हात धरून मला चाकापासून फरफटत बाजूला टाकलं. कोपर सोलवटलं. तिसऱ्यानं गाड्यावरची शहाळी दोन्ही हातांनी रस्त्यावर लोटली. ट्रॅक्टरवाल्यानं गाडी मागं घेतली आणि मोठं चाक शहाळ्यांवरून गेलं. शहाळं फुटताना कसा आवाज येतो ते मी रोज ऐकते, पण तीस शहाळी चाकाखाली फुटतात तो आवाज वेगळा. रस्ताभर पाणी झालं. भाभी केळीच्या पाटीवर आडवी पडली होती, तिच्या पाठीत एकानं लाथ घातली. पोपट यातलं काही बघत नव्हता. तो खाली मान घालून गाड्याच्या कडेला उजवा हात घालून गाडा उचलायच्या बेतात होता. त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर ठोकळ्यात कोयता होता.

मी उठले कधी आणि कोयता हातात आला कधी, मला काही आठवत नाही, असं मी कोर्टात सांगितलं. वकिलानं तसंच सांगायला लावलं होतं. तुम्हाला खरं सांगते, मला सगळं आठवतं. मी उठले. दोन पावलं चालले. ठोकळ्यातून कोयता उपसला. पोपटनं मान वर केली आणि तो "आक्का" म्हणाला. ते मी ऐकलं. ऐकून मग वार केला.

शहाळं विकणाऱ्या बाईचा घाव चुकत नसतो. दिवसाला शे-दीडशे शहाळी तासायची म्हणजे हात आपोआप तयार होतो. मला जिथं मारायचं होतं तिथंच कोयता पडला, गाड्याच्या कडेवर, त्याच्या उजव्या हाताच्या बोटांवर. तीन बोटं फळीच्या आतल्या बाजूला राहिली आणि तो हात घेऊन मागं झाला.

तो आधी ओरडलाच नाही. हाताकडं नुसता बघत राहिला, आपलंच काहीतरी हरवल्यासारखा. मग रक्ताची धार लागली आणि तो खाली बसला. रस्त्यावर शहाळ्यांचं पाणी होतंच, त्यात ते मिसळलं आणि गटाराकडं निघालं.

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? बारा वर्षांत कधी वाटलं नव्हतं इतकं बरं वाटलं. मी पुन्हा कोयता उगारला होता. मानेवर घालणार होते की खांद्यावर, ते मला माहीत नाही, पण घालणार होते. तेवढ्यात पाइप माझ्या मनगटावर बसला आणि हाड मोडल्याचं मला आधी ऐकू आलं, मग दुखलं. कोयता पडला. त्यानंतर चौघं माझ्यावर तुटून पडले. बूट, पाइप, ट्रॉलीचा लोखंडी आडणा. दोन दात पडले, डावा डोळा बंद झाला. हमीदाभाभीनं तराजूचं दोन किलोचं वजन उचलून एकाच्या गुडघ्यावर हाणलं आणि ती माझ्या अंगावर आडवी पडली. साठीची बाई. तिला सोडवायला साहेबांना स्वतः मध्ये यावं लागलं.

"बास! मरंल ती!" साहेब ओरडत होते. "बास म्हणतो ना!"

एकानं पोपटचा हात त्याच्याच पिशवीत गुंडाळला. पावतीपुस्तकासकट.

मला आधी सरकारी दवाखान्यात नेलं, प्लास्टर घातलं आणि तिथून पोलीस ठाण्यात. रात्र मी कोठडीच्या भिंतीला टेकून काढली. मनगट ठणकत होतं, जीभ सारखी पडलेल्या दातांच्या जागी जात होती. आणि डोक्यात एकच चालू होतं की उद्या शुक्रवार. पाचला खिडकी बंद होणार. तीन बोटं तोडली आणि पावती ती नाहीच मिळाली. पोपटच्या हाताचा विचार मला त्या रात्री एकदाही आला नाही. लाज वाटायला पुढं भरपूर वेळ मिळाला, पण त्या रात्री वाटली नाही, हे खरं आहे.

शुक्रवारी सकाळी हवालदारानं मला टेबलापाशी बोलावलं. वयस्क माणूस, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. हमीदाभाभी भाकरीचा डबा घेऊन बाकावर बसली होती. मारामारीत तिचं नाव कुणी घेतलं नव्हतं. म्हातारीनं गुडघा फोडला म्हणून सांगायला त्या दांडगटाला लाज वाटली असावी.

"तुझ्यावर काय गुन्हा लागलाय ते ऐक," हवालदार म्हणाला. "धारदार हत्यारानं गंभीर दुखापत, सरकारी कामात अडथळा. फिर्याद चौगुलेची. काल संध्याकाळी दवाखान्यात जाऊन मीच जबाब घेतला."

"काय म्हंतोय त्यो? वळखत न्हाई म्हणून सांगितलं असंल."

हवालदारानं चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि वाचायला सुरुवात केली.

"मी पोपट रामचंद्र चौगुले, वय एक्केचाळीस, समक्ष विचारल्यावरून जबाब देतो की, आरोपी नामे शालन विलास लाटवडे हीस मी मागील बारा वर्षांपासून ओळखतो. सदर महिला कोर्टाच्या कोपऱ्यावर हातगाड्यावर शहाळी विकण्याचा व्यवसाय करते. मी बाजारकर वसुलीस असताना तिच्याकडून दररोज दहा रुपये घेत असे व तिला पावती देत नसे. सदरची रक्कम मी स्वतःसाठी वापरीत असे. आज रोजी साहेबांनी विचारले असता मी तिला ओळखत नाही असे खोटे सांगितले. त्याचा राग मनात धरून तिने..."

पुढचं मी ऐकलं नाही. भाभीनं बाकावरून उठून माझा चांगला हात धरला होता.

"पुन्यांदा वाचा," मी म्हणाले.

"पुन्हा कशाला? तुझ्या बाजूनं सांगण्यासारखं एवढंच होतं, तेही त्यानंच सांगून टाकलंय."

"ह्याची नक्कल मिळंल का?"

"वकील दे, त्याला मिळेल."

"वकील कवा मिळायचा? आज पायजे. पाचच्या आत."

"आज कशाला?"

मी सांगितलं. क्लार्क, खिडकी, बारा वर्षं, दोन पावत्या, सगळं. हवालदार चष्मा काढून टेबलावर ठेवून ऐकत होता. ऐकून झाल्यावर तो उठून झेरॉक्सच्या यंत्राकडं गेला, प्रत काढली, तिच्यावर ठाण्याचा गोल शिक्का मारला आणि मला न देता हमीदाभाभीच्या हातात ठेवली. "जावा लवकर," म्हणाला. "आणि कुठं मिळाला म्हणून माझं नाव सांगू नका."

पुढचं भाभीनं मला नंतर सांगितलं. क्लार्कनं कागद वाचला आणि हात झटकले.

"हा गुन्ह्याचा कागद आहे."

"त्यात बारा वर्षं लिवलंय का न्हाई?"

"लिहिलंय, पण..."

"कोर्टाचा कोपरा लिवलंय का न्हाई? शहाळी लिवलंय का न्हाई? शिक्का सरकारी हाय का न्हाई?"

"अहो, पण ती बाई कोठडीत आहे!"

"कोठडीत हाय म्हणून काय झालं? तिनं काय बारा वर्षं कोठडीत शहाळी विकली?"

भाभी खिडकीला पाठ लावून उभी राहिली आणि मागच्या रांगेतल्या एकालाही पुढं येऊ देईना. शेवटी क्लार्क आत त्याच्या वरिष्ठांकडं जाऊन आला. पाचला वीस मिनिटं कमी असताना माझ्या फॉर्मवर शिक्का बसला.

मी एक्केचाळीस दिवस तुरुंगात होते. त्यातले पहिले चौदा विलगीकरणात, कारण तिथंही कोरोना. जामिनावर बाहेर आले तेव्हा दहा हजार माझ्या खात्यात जमा होऊन तीन आठवडे झाले होते. खटला अजून चालू आहे, तारखांना मी जाते. नगरपालिकेनं मला नंबर असलेलं कार्ड दिलं. माझ्या नावाचा, माझ्या धंद्याचा, जागेसकट पहिला कागद. मी तो प्लॅस्टिकमध्ये घालून सोडवून आणलेल्या गाड्याला टांगला.

जानेवारीत एका दुपारी पोपट आला. कोर्ट सुरू झालं होतं, गिऱ्हाईक बऱ्यापैकी होतं. मी एका वकिलासाठी शहाळं तासत होते. तो समोर येऊन उभा राहिला. वाळला होता. उजवा हात शर्टाच्या लांब बाहीत लपवलेला. कोयता वर गेला की तो हात पाठीमागं घ्यायचा आणि खाली आला की पुन्हा पुढं आणायचा. त्याचं त्यालाही कळत नसावं. तीन घावांत तीनदा मी ते पाहिलं. चौथा घाव मला घालवेना. मी कोयता गाड्याखाली ठेवला आणि वकिलाला म्हणाले, "थोडं थांबा."

"काय पायजे?" मी पोपटला विचारलं.

"पथकातनं काढलं मला. जबाबात लिवलं ते सायबांपातूर गेलं. नुकसानभरपाईबी न्हाई मिळाली. धा-बारा दिस झालं, कोर्टाच्या भिंतीकडंला रुमाल आन मास्क घिऊन बसतोय." त्यानं डाव्या हातानं खिशातून एक फॉर्म काढला. मी तो फॉर्म ओळखला. "यादी पुन्यांदा उघडलीया, आता पावतीऐवजी दोन फेरीवाल्यांच्या सह्या चालत्यात. कार्डवाल्यांच्या. हा माणूस मार्चच्या आधीपासनं इथं धंदा करतोय म्हणून."

हमीदाभाभी शेजारून म्हणाली, "खोटी सही? मी? जा बाबा, पुढं जा."

तो गेला नाही. मी खूप दिवस मनात धरलेलं एकच विचारलं.

"पोपट, जबाबात खरं का सांगितलंस?"

तो खाली बघत म्हणाला, "हवालदार इचारत हुता, अनोळखी बाई उगंच कशाला वार करंल म्हणून. कायतरी रचून सांगायला पायजे हुतं. पर लई दुखत हुतं, आक्का. खोटं सुचंना."

मी त्याच्या हातातून फॉर्म घेतला. पेन वकिलाचं मागून घेतलं. सही वाकडीतिकडी आली, मोडून जोडलेलं मनगट अजून धड चालत नाही. मग मी कागद भाभीपुढं धरला. ती माझ्याकडं बघत राहिली. "खुळी हाईस तू," म्हणाली, आणि दोनदा "या अल्ला" म्हणून तिनंही सही केली.

"आता तुझी कर," मी पोपटला पेन दिलं.

त्यानं पेन घेतलं नाही. खिशातून शाईची छोटी डबी काढली, दातांनी झाकण उघडलं आणि गाड्याच्या कडेवर कागद ठेवून डावा अंगठा उठवला.

तो गेल्यावर हमीदाभाभी बराच वेळ केळी नुसती इकडची तिकडं करत बसली. मग म्हणाली, "काय अक्षर हुतं गं त्याचं. छापल्यावानी. माझ्या पावत्या बघ कधी."

त्याचं अक्षर कसं होतं ते मला कुठून माहीत असणार? बारा वर्षांत त्यानं मला एक ओळ लिहून दिली नव्हती.